बसने पाठवलेला गूळ

कोर्टात माणसं खोटं बोलायला येतात, असा बाहेरच्यांचा समज असतो. माझा अनुभव जरा वेगळा आहे. बहुतेक जण आपापल्या परीने खरंच बोलत असतात. फक्त एकाच्या मते 'हो' होऊन गेलेलं असतं आणि दुसऱ्याच्या मते ते अजून व्हायचं असतं. आदिलाबादच्या दिवाणी कोर्टात मी काळा कोट घालून उभी राहिले, त्यातली निम्मी वर्षं या एकाच भांडणात गेली: अमुक माणूस 'हो' म्हणाला, तो नेमका कधी?

अंकाच्या संपादकांनी मला 'गाजलेल्या केसेस' लिहायला सांगितल्या आहेत. माझ्याकडे तशा नाहीत. खुनाची केस मी कधी घेतली नाही, कारण रक्ताचा फोटो पाहिला तरी मला भोवळ येते. माझे पक्षकार म्हशीवरून, बांधावरून, बोलून ठरलेल्या ट्रॅक्टरवरून भांडणारे. त्यांची भांडणं पेपरात येत नाहीत, पण त्यांच्या घरात महिनोन्महिने दुसरा विषय नसतो.

आता कायदा काय म्हणतो ते सांगते. घाबरू नका, चहा निवायच्या आत संपेल. एकाने देऊ केलं, दुसऱ्याने घेतलं म्हटलं, की करार. समोरासमोर असाल तर सोपं आहे. तुम्ही 'हो' म्हणालात, समोरच्याने ऐकलं, झालं. पिठाची गिरणी चालू असल्यामुळे त्याला ऐकूच आलं नसेल, तर पुन्हा म्हणा. मनातल्या मनात म्हटलेला होकार कायदा धरत नाही.

आणि गप्प बसणं म्हणजेही होकार नव्हे. हे आमच्याकडच्या लोकांना पटवताना माझी निम्मी ताकद खर्ची पडली आहे. उटनूरला एक रिटायर कारकून होते. त्यांनी शेजाऱ्याला रीतसर चिठ्ठी लिहिली, की तुमची म्हैस मी अमुक किमतीला घेतो, रविवारपर्यंत उत्तर आलं नाही तर म्हैस माझी समजेन. शेजारी गप्प राहिला. सोमवारी सकाळी हे दावं घेऊन गोठ्यात हजर! शेजाऱ्याने मला वकालतनामा दिला, तर कारकून माझ्याच टेबलासमोर येऊन म्हणाले, "मौनं संमतिलक्षणम्. शास्त्र हाय वकीलबाई." मी म्हटलं, "शास्त्र असेल, पण म्हशीला लागू नाही." आपल्या मनाने दुसऱ्याच्या गप्प बसण्याला होकार ठरवता येत नाही. म्हैस होती तिथेच राहिली. ते कारकून पुढे मला बाजारात दिसले की रस्ता बदलायचे.

खरी गंमत आहे ती दूरच्या होकाराची. तुम्ही 'हो' अशी चिठ्ठी टपालात टाकली, ती काही दिवसांनी पोहोचली. मधल्या काळात करार आहे की नाही? आमच्या करार कायद्याचं चौथं कलम यावर मोठं छान उत्तर देतं. चिठ्ठी तुमच्या हातून सुटली, परत घेता येणार नाही अशी वाटेला लागली, की देऊ करणारा बांधला गेला. मग त्याला माघार नाही. तुम्ही मात्र ती त्याला कळेपर्यंत मोकळे. तोवर निरोप धाडून 'राहू द्या' म्हणू शकता. एकाच गाठीचं एक टोक आधी आवळतं आणि दुसरं मागून. ज्युनिअर असताना मला हे अन्यायाचं वाटायचं. पुढे एका बाईमुळे त्यातलं शहाणपण कळलं. तिचीच गोष्ट सांगायची आहे.

कमलबाई तलमडुगु मंडळातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, एका खेड्यातली. आईबाप दुसऱ्याच्या शेतात राबले, हीसुद्धा कापूस वेचत मोठी झाली. पुढे गावातल्या चार बायांना हाताशी धरून ती आदिलाबादला बस स्टँडच्या अंगाला हातगाडीवर ज्वारीच्या भाकरी विकू लागली. रोज पहाटेच्या बसने पीठ आणि ठेचा घेऊन यायचं, संध्याकाळी परत. भाकर अशी, की तव्यावर टम्म फुगायची. दवाखान्यात आलेल्या रुग्णांचे नातेवाईक, खोली घेऊन शिकणारी खेड्यातली पोरं, सगळी तिच्याकडे. पण उघड्यावरचा धंदा. वारा आला की चूल विझे, पाऊस आला की पीठ झाकावं की आपण आडोसा शोधावा अशी गत. आणि महिन्यातून एकदा कुणीतरी येऊन गाडी हलवायला लावायचंच.

गाडीसमोरच्या दुमजली इमारतीचे मालक गणपतराव. मूळचे शेतकरी, म्हातारपणी शहरात आलेले, कानाने अधू. ते रोज दुपारी कमलबाईकडे भाकर खायचे. घरच्या गॅसवरची भाकर त्यांना गिळवत नसे. इमारतीतली खालची, रस्त्यावरची एक खोली रिकामी झाली तेव्हा भाकर मोडता मोडता ते म्हणाले, "कमल, हे खोली तूच घेऊन टाक. भाडं पहिल्या भाडेकऱ्यानं देलं तेवढंच दे."

कमलबाईचा हात परातीतच थांबला. मुख्य रस्त्यावर, डोक्यावर छप्पर असलेली जागा तिला आयुष्यात कुणी देऊ केली नव्हती. पण ती एकटी कशी ठरवणार? "बायायले इचारून सांगतो, बाबा," ती म्हणाली.

"इचार. पोळ्यापर्यंत थांबतो मी. हो असंल त सकाळच्या बसनं गूळ पाठव. नाई असंल त काई पाठवू नको, मी समजून घेईन. अन् फोन करू नको, मले ऐकू येत नाई. फोन सुधाकरच्याच हाती राह्यते."

सुधाकर म्हणजे त्यांचा मुलगा.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं थांबते. आमच्या सरहद्दीकडच्या गावांत सौदा ठरला की गूळ देतात. बैल असो, शेत बटाईने करायचं असो, गूळ गेला की होकार गेला. आणि तो आपण स्वतः न्यायचा नाही, पाठवायचा. यामागचं कारण अगदी व्यवहारी आहे. स्वतः गेलं की माणूस बसतो, चहा होतो, आणि ठरलेल्या गोष्टीची पुन्हा घासाघीस सुरू होते. पाठवलेला गूळ मात्र घासाघीस करत नाही. पूर्वी तो बैलगाडीबरोबर जायचा, आता बसच्या कंडक्टरकडे देतात. कंडक्टरकडून आमच्याकडे काय काय जातं विचाराल तर औषधं, विसरलेले डबे, एकदा तर माझ्या पक्षकाराची कवळी गेली होती.

पोळ्याच्या सकाळी कमलबाईने गूळ पांढऱ्या फडक्यात बांधला. बाया बसपर्यंत आल्या. कंडक्टर राजन्ना रोजचा ओळखीचा, तेलुगू माणूस. "आज भाकर नाई, गूळ हाय. गणपतबाबाले स्टँडवरच दे," तिने सांगितलं. बस सुटली. त्या खुशीत बायांनी उरलेला गूळ गल्लीत वाटूनही टाकला.

दोन गावं गेल्यावर नाला भरून वाहत होता. रात्रभर वर कुठेतरी धो धो पडला होता. बस अलीकडे अडकली, मग मागच्या वाटेने दुसऱ्याच गावी नेऊन उभी केली. राजन्नाला आदिलाबादला पोहोचायला पोळा उलटला, दुसऱ्या दिवशीची करही उलटली. गूळ त्याने सीटखाली जपून ठेवला होता.

इकडे पोळ्याच्या दुपारी कमलबाईच्या फोनवर सुधाकरचा निरोप येऊन पडला: 'खोली देणे नाही. मित्राला मोबाइलच्या दुकानासाठी दिली.'

ती माझ्याकडे आली तेव्हा हातात फोन आणि मागे चारही बाया. खुर्ची दिली तरी बसली नाही. "बाई, माहा गूळ त कवाच गेला होता. आता मी लोकायले काय सांगू? गल्लीभर वाटला मी." मग आवाज खाली आणून म्हणाली, "खोलीचं जाऊ द्या. पन मी हो म्हनलं होतं का नव्हतं, एवढं कोनीतरी सांगावं."

मी तिला चौथं कलम सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. "म्हंजे बस सुटली तवाच बाबा बांधले गेले?"

"हो."

"अन् मी?"

"तू गूळ त्यांना कळेपर्यंत मोकळी होतीस. वाटलं असतं तर नको म्हणू शकली असतीस."

"मी काऊन नको म्हनन?" ती जवळजवळ रागावलीच.

दावा घातला. कोर्टाने निकालापर्यंत खोली कुणालाही देऊ नये असा हुकूम केला, आणि खोलीला कुलूप लागलं. कमलबाईची गाडी त्या कुलुपासमोरच उभी राहायची. म्हातारे मात्र यायचे बंद झाले. "बाबा आता काय खात असतीन?" हे ती मला कोर्टाच्या प्रत्येक तारखेला विचारायची. स्वतःच दावा लावलेल्या माणसाच्या जेवणाची एवढी काळजी करणारी पक्षकार मला दुसरी मिळाली नाही.

गुळाचंही एक प्रकरण झालं. स्टँडवर घ्यायला कुणी नसल्यामुळे तो राजन्नाकडेच राहिला होता; तो मी पुरावा म्हणून हजर केला. कोर्टाची कागदपत्रं सांभाळणारे पेशकार फडकं बघून म्हणाले, "मॅडम, याला नंबर देऊन मी कपाटात ठेवतो, पण उद्या मुंग्या सगळ्या फायली वाचून काढतील." जज्जसाहेब वरंगलकडचे, नवे. त्यांनी गूळ बघितल्याची नोंद केली आणि तो माझ्याकडेच ठेवायला सांगितला. तेव्हापासून तो माझ्या टेबलावर स्टीलच्या डब्यात होता. चहा करताना माझा कितीदा तरी हात तिकडे गेला, पण वकिलीतही काही संयम लागतो.

एकदा कोर्टाच्या पायऱ्यांवर सुधाकरने मला गाठलं. मुलगा वाईट नव्हता, बोलायला नम्र. "मॅडम, तुमी समजून घ्या. वरच्या मजल्यावर भाडेकरू हायेत. खाली हे भाकरीचं… म्हंजे मले काई नाई. पन लोकं इचारतेत, कोनाच्या हातची हाय, काय हाय…"

त्याने वाक्य अर्धंच सोडलं. असली अर्धी वाक्यं मला पूर्ण ऐकू येतात. माझे वडील शाळामास्तर झाले, पण आई शेतावर मजुरीला जायची, आणि तिला पाणी वरून ओतणाऱ्यांनीसुद्धा तोंडाने कधी काही म्हटलं नव्हतं. माझी कानशिलं तापली. "कोर्टात हे सगळं पूर्ण बोलशील का?" मी विचारलं. तो खाली मान घालून गेला. कोर्टात त्याने बचाव घेतला तो एवढाच, की उत्तर मुदतीत आलं नाही.

समोरचे वकील मुरलेले होते. त्यांचा मुद्दा असा: कंडक्टर हा कमलबाईचाच माणूस. गूळ त्याच्याकडे म्हणजे तिच्याच पदरात. मग तो तिच्या हातून सुटला कुठे? तो आदिलाबादला पोहोचला पोळा उलटल्यावर, आणि त्याआधी निरोप गेलेला. ऐकायला हे बरोबर वाटतं. मलाही थोडी धास्ती वाटली होती.

कमलबाईला त्यांनी विचारलं, "फोन करून तुम्ही तो गूळ वापस मागवू शकल्या असत्या की नाही?"

"बस गेली होती साहेब. अन् देलेला गूळ कोनी वापस मागते का?"

"कायद्याने, बाई, कायद्याने!"

"कायदा काय गूळ खाते?" ती म्हणाली, आणि जज्जसाहेबांना दुभाष्याने हे सांगितल्यावर तेही हसले.

राजन्नाची साक्ष मला हवी होती, पण आग्रह करायला जीभ रेटेना. तिकिटाशिवाय सामान नेलं असं कंडक्टरने कोर्टात सांगायचं म्हणजे नोकरीशी खेळ. तो आपणहून आला. गणवेशाची बटणं गळ्यापर्यंत लावून उभा राहिला आणि आपल्या हिंदीत म्हणाला, "साब, बेल्लम मैंने लिया. टिकट नहीं काटा, वो गलती मेरी. पन बाई ने सुबह दिया, ये सच. नाले में पानी था, मैं क्या करता?" बेल्लम म्हणजे तेलुगूत गूळ. जज्जसाहेबांनी बेल्लमचं लिहून घेतलं, तिकिटाचं लिहायचं त्यांच्या लक्षात राहिलं नसावं. राजन्ना खाली उतरला तेव्हा मला त्याच्या पाठीवर थाप मारावीशी वाटली.

मग गणपतराव. ते प्रतिवादी, म्हणजे समोरच्या बाजूचे. घरातून पढवून आणलेले असणार हे उघड होतं. वकिलांनी विचारलं, तसं त्यांनी सांगितलं, "पोळ्याले गूळ नाई आला." खरंच होतं ते. आता उलटतपासणी माझी. आमच्या धंद्यातला पहिला धडा असा, की ज्या प्रश्नाचं उत्तर माहीत नाही तो विचारू नये. मी तो त्या दिवशी बाजूला ठेवला. त्यांच्या कानाजवळ जाण्याची परवानगी घेतली आणि मोठ्याने विचारलं, "बाबा, गूळ बसने पाठव असं तुम्हीच सांगितलं होतं?"

"मीच सांगतलं. दुसरं कोन सांगन?"

"मग पोळ्याच्या दिवशी तुम्ही कुठे होता?"

म्हाताऱ्याने मुलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. हातातली टोपी उगाच फिरवली.

"स्टँडवर होतो. सकाळपासून बसलो होतो मी. बस आलीच नाई. हा म्हने, बाबा घरी चाला, ते बाई नाई म्हनून राह्यली. मी म्हनलं, बाई काऊन नाई म्हनन? बस आली नाई, बाईचं काय त्यात? मी उठलोच नव्हतो तिथून. यानंच हाताले धरून नेलं."

माझे पुढचे प्रश्न कागदावरच राहिले. मी खाली बसले. समोरच्या वकिलांनीही आणखी काही विचारलं नाही, आणि त्याबद्दल त्यांचा मान मी आजही ठेवते.

निकाल आमच्या बाजूने लागला. बस हा मार्ग मालकानेच नेमून दिला होता. तेव्हा गूळ बसमध्ये चढून बस सुटली, त्या क्षणी तो कमलबाईच्या हातून सुटला आणि मालकाच्या दृष्टीने होकार पूर्ण झाला. नंतरचा नाला, नंतरचा निरोप, सगळं मागून आलेलं. खोली कमलबाईला द्यावी. त्या दिवशी मला कलमातलं शहाणपण समजलं. वाट लांब असते, मध्ये नाले असतात. 'हो' म्हणणाऱ्याने आपलं काम केल्यावर वाटेतल्या पावसाचा धोका त्याच्या डोक्यावर असू नये. ज्याने वाट नेमली, त्याने तो घ्यावा.

पण निकालाचा कागद एक आणि नांदणं दुसरं. त्याच इमारतीत रोज सुधाकरच्या समोर चूल पेटायची होती. व्हरांड्यात कमलबाई उभी होती, पण तिच्या तोंडावर हसू नव्हतं. पलीकडे सुधाकर फोनमध्ये डोकं घालून. एवढ्यात म्हातारे काठी टेकत माझ्याकडे आले.

"वकीलबाई, माहा गूळ कुठं हाय?"

मी पिशवीतून डबा काढला. त्यांनी फडक्याची गाठ दातांनी सोडवली. पावसाळ्यात पाझरून, पुन्हा आळून तो गूळ दगड झाला होता. कोर्टाच्या पायरीवर आपटून त्यांनी तो फोडला. शिपाई ओरडायला आला आणि बघत उभा राहिला. एक खडा बाबांनी स्वतःच्या तोंडात टाकला. दुसरा घेतला आणि सुधाकरसमोर तळहात धरला.

"घे. तिनं पाठवला तो हाय."

सुधाकरने खडा घेतला. घेतला आणि तसाच हातात धरून उभा राहिला. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो: कमलबाई, तिच्या बाया, राजन्ना, मी. तो खडा खाईना, परतही देईना. मला तो उटनूरचा कारकून आठवला. गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? हातातला गूळ म्हणजे पोटातला गूळ नव्हे. कोर्टाने खोली दिली होती, पण ही एक गोष्ट कोर्टाच्या हातात नव्हती, माझ्या तर नव्हतीच.

कमलबाई पुढे झाली. "दादा," ती म्हणाली, "मुंग्या लागतीन. खाऊन घ्या."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग खडा तोंडात टाकला. खडा फार कडक होता; बिचारा बराच वेळ चावत राहिला. गिळून झाल्यावर शर्टाला हात पुसत तो म्हणाला, "चाव्या घरी हायेत. चाला, आताच देतो. अन् बाबायले भूक लागली असंल, परात आनली का संगं?"